ठिपक्यांची दाटी

मोठ्या संख्येपुढें मान तुकविण्याची मनुष्याची संवय फार जुनी आहे. लक्ष वाती, कोटि जप, सहस्र आवर्तनें हे शब्द कानीं पडतांच ऐकणाराचे हात आपोआप जुळतात. त्या जपांत चित्त किती होतें, हा प्रश्न मागाहून सुचतो आणि बहुधा सुचतच नाहीं. बाजारास आपल्या या श्रद्धेची चांगली ओळख आहे. संगणकाचा, दूरचित्रवाणीचा किंवा मोबाइलचा पडदा घेण्यासाठीं एखादा गृहस्थ दुकानांत शिरला कीं विक्रेता त्याच्यापुढें प्रथम एक संख्या ठेवतो. एका पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके; दुसऱ्यावर, ज्यास 'फोर-के' म्हणतात त्यावर, ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लक्ष ९४ हजार ४०० ठिपके. गृहस्थ मनांतल्या मनांत भागाकार करतो, चौपट ठिपके म्हणजे चौपट स्पष्टता असें समजतो, आणि खिशांत हात घालतो.

हा ठिपका म्हणजे ज्यास पिक्सेल म्हणतात तो. पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान कण. वर्तमानपत्रांतील छायाचित्र भिंगाखालीं धरलें असतां चेहरा नाहींसा होतो आणि काळ्या बिंदूंचा समुदाय तेवढा उरतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिलें असेल. पडद्याचेंहि तसेंच आहे. भेद इतकाच कीं, येथील ठिपके एकाच मापाचे, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें ओळींत बसविलेले आणि प्रकाशमान असतात. विक्रेत्यानें सांगितलेली त्यांची संख्या खरीच असते. मात्र ती किती जागेंत पसरली आहे हें कळल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाहीं.

ज्या घरांत अद्यापि उंबऱ्यासमोर ठिपक्यांची रांगोळी निघते, तेथील लेकीसुनांस हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. एकवीस ठिपक्यांच्या एकवीस ओळी म्हणजे ४४१ ठिपके. ते पाटासमोर हातभर जागेंत घालावे किंवा वाड्याच्या चौकभर पसरावे. गणती तीच राहते. परंतु पाटासमोरची रांगोळी भरगच्च आणि नाजूक दिसते, तर चौकांतल्या रांगोळींतून सारवलेली जमीन डोकावत राहते. रांगोळीचा दाटपणा एकंदर ठिपक्यांवरून ठरत नाहीं. एका वितींत किती ठिपके बसले यावरून ठरतो. पडद्याच्या बाबतींत वितीच्या जागीं इंच धरावयाचा, एवढाच फरक.

ही दाटी काढण्याची रीत शाळेंतली आहे. पडद्याचें माप म्हणून जे इंच सांगतात ते कर्णाचे असतात. म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत भुज, कोटि आणि कर्ण यांचा जो नियम आहे, तोच येथें लागतो. आडव्या ओळींतील ठिपक्यांचा वर्ग आणि उभ्या ओळींतील ठिपक्यांचा वर्ग यांची बेरीज करून तिचें वर्गमूळ घ्यावें. हा झाला ठिपक्यांत मोजलेला कर्ण. त्यास इंचांत मोजलेल्या कर्णानें भागलें म्हणजे दर इंचास ठिपके किती तें निघतें. १९२० आणि १०८० यांचा कर्ण सुमारें २२०३ येतो. तो १५.६ इंचांच्या लॅपटॉपवर दर इंचास १४१ ठिपके देतो. २४ इंचांच्या पडद्यावर ९२. २७ इंचांच्या पडद्यावर ८२. आणि ५५ इंचांच्या दूरचित्रवाणीवर अवघे ४०. 'फोर-के'चा कर्ण सुमारें ४४०६. तो २७ इंचांवर १६३ आणि ५५ इंचांवर ८० होतो. म्हणजे २४ इंचांचा पडदा सोडून तेवढ्याच ठिपक्यांचा २७ इंचांचा पडदा जो अधिक पैसे मोजून घरीं आणतो, तो अधिक मोठी परंतु अधिक विरळ वस्तु आणतो. आणि दिवाणखान्यांतली भव्य 'फोर-के' दूरचित्रवाणी दाटीच्या दृष्टीनें साध्या लॅपटॉपच्याहि मागें पडते.

येथें वाचक सहजच म्हणेल कीं, मग ती दूरचित्रवाणी इतकी रेखीव कां दिसते? याचें उत्तर पडद्यांत नाहीं. पडदा आणि डोळा यांच्यामधील मोकळ्या जागेंत आहे.

नेत्रवैद्याच्या खोलींत भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा तक्त्याची रीत हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्यानें १८६२ सालीं घालून दिली. निर्दोष म्हणून ठरविलेल्या दृष्टीस सहा मीटरांवरून जी ओळ वाचतां यावी, तिच्यांतील अक्षराची उंची सुमारें पावणेनऊ मिलिमीटर असते. एवढें अक्षर तेवढ्या अंतरावरून डोळ्याशीं पांच कलांचा कोन करतें, आणि अक्षराची एकेक रेघ एका कलेचा. पंचांग पाहणाऱ्या घरांत कला म्हणजे काय तें सांगावयास नको. अंशाचा साठावा भाग ती कला. दृष्टि '६/६' आहे असें वैद्य लिहितात तेव्हां त्यांचा अभिप्राय हाच असतो कीं, एका कलेएवढी रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा या डोळ्यास निरनिराळ्या दिसतात.

आतां एक मौजेची गोष्ट. वर्तुळाच्या परिघांत २१,६०० कला असतात. त्याच कलांनीं त्रिज्या मोजली तर ती ३४३८ भरते. आर्यभटाच्या इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथांत अर्धज्यांचें जें कोष्टक आहे, त्याची त्रिज्या हीच आहे. सूर्यसिद्धांतांतहि हीच आढळते. ग्रहांच्या गणितासाठीं सिद्ध झालेली ही संख्या पडद्याच्या खरेदीस जशीच्या तशी उपयोगीं पडते. दर इंचास जितके ठिपके असतील त्या संख्येनें ३४३८ ला भागावें. जें उत्तर येईल तितक्या इंचांवरून एकेक ठिपका एका कलेचा दिसतो. त्याहून दूर बसल्यास ६/६ दृष्टीच्या मनुष्यास ठिपके एकमेकांत मिसळून अखंड चित्र दिसतें. त्याहून जवळ गेल्यास जाळी जाणवूं लागते.

या रीतीनें पाहतां, दर इंचास ४० ठिपक्यांच्या त्या ५५ इंची दूरचित्रवाणीचें अंतर ८६ इंच, म्हणजे सात फुटांहून थोडें अधिक, येतें. ८० ठिपक्यांच्या दूरचित्रवाणीचें त्रेचाळीस इंच. ज्या घरीं बैठक भिंतीपासून नऊ फुटांवर आहे, तेथें दोहोंचेहि ठिपके डोळ्यास मिसळलेलेच दिसणार; चौपट ठिपक्यांचें मोल मोजूनहि त्यांतलें फारसें कांहीं पदरांत पडणार नाहीं. उलट हातांतला मोबाइल दहा-बारा इंचांवर असतो, म्हणून त्यास दाटी फार लागते. २०१० सालीं ॲपल कंपनीनें आयफोन ४ बाजारांत आणला. त्याच्या साडेतीन इंची पडद्यावर ९६० गुणिले ६४० ठिपके असून दाटी दर इंचास ३२६ होती. स्टीव्ह जॉब्झ यांनीं त्यास 'रेटिना', म्हणजे नेत्रपटल, असें नांव देऊन सांगितलें कीं, दहा-बारा इंचांवरून पाहतांना दर इंचास सुमारें ३०० ठिपके झाले म्हणजे मानवी नेत्रपटलाची मर्यादा गांठली जाते. ३४३८ ला ३०० नें भागलें तर साडेअकरा येतात. तेव्हां नांव व्यापाऱ्याचें असलें तरी हिशेब पोकळ नव्हता. पुढें २०१२ सालीं त्याच कंपनीनें दर इंचास २६४ ठिपक्यांच्या आयपॅडला आणि २२० ठिपक्यांच्या लॅपटॉपलाहि तेंच नांव दिलें. दाटी उतरत गेली आणि नांव कायम राहिलें, याचें कारण हीं उपकरणें क्रमाक्रमानें डोळ्यापासून दूर धरलीं जातात.

या नियमास दोन-तीन पुरवण्या जोडल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, ६/६ ही दृष्टीची पराकाष्ठा नव्हे. तरुण आणि निरोगी डोळ्यास एका कलेहूनहि बारीक भेद कळतो. दुसरी अशी कीं, दोन रेघा एका सरळींत आहेत किंवा थोड्या सरकल्या आहेत, हें डोळा कलेच्या लहानशा अंशापर्यंत ओळखतो. म्हणून सुटा ठिपका दिसेनासा झाल्यावरहि वेलांटीच्या वळणावर किंवा तिरप्या रेघेवर पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात. तिसरी पुरवणी ठिपक्याच्या घडणीविषयीं आहे. बहुतेक पडद्यांत प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात. परंतु कित्येक मोबाइलच्या पडद्यांत दर ठिपक्यास दोनच भाग येतील अशी वांटणी केलेली असते. दोन पडद्यांवर दाटीचा एकच आंकडा छापलेला असला तरी दोहोंवरील अक्षर सारखें रेखीव दिसेलच, असें म्हणूनच सांगतां येत नाहीं.

एवढें गणित पुस्तकी वाटूं नये म्हणून तें आमच्या घरीं कसें उपयोगीं पडलें, आणि कोठें अपुरें पडलें, तें सांगतों.

आमच्या आत्याबाई त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. वाईचें घर बंद करून त्या आमच्याकडे पुण्यास राहावयास आल्या तेव्हां त्यांनीं सामान म्हणून जें आणलें त्यांत मोलाची वस्तु एकच होती: त्यांच्या वडिलांची जुन्या छापाची ज्ञानेश्वरी. गेलीं साठ वर्षें सकाळीं स्नान झाल्यावर तिच्यांतल्या कांहीं ओव्या वाचल्याखेरीज त्यांनीं चहा घेतलेला नाहीं. अलीकडे पानें तपकिरी पडून कडांचा भुगा होऊं लागला. माझ्या पुतण्यानें त्यांच्या संमतीनें प्रत्येक पानाची प्रतिमा, दर इंचास ३०० ठिपके या मापानें, उतरून घेतली आणि ग्रंथ कापडांत बांधून ठेविला. मोठ्या अक्षरांची नवी प्रत मीं आणून दिली होती; ती देवघरांत तशीच आहे. त्यांस हवी होती तीच प्रत, कारण तिच्या समासांत वडिलांच्या हातच्या बारीक टिपा आहेत. रोज कोणीतरी वाचून दाखवावें, असेंहि सुचवून पाहिलें. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचतां तेव्हां ओवी पुढें जाते. मला एकीपाशीं थांबावयाचें असतें." यावर बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. परंतु नेत्रपटल वयोमानानें क्षीण झाल्यामुळें चष्मा लावूनहि दृष्टि ६/१२ च्या पलीकडे जात नाहीं; म्हणजे निरोगी डोळ्यास जो भेद एका कलेंत कळतो, त्यास त्यांच्या डोळ्यास दोन कला लागतात. त्यांच्यासाठीं २७ इंचांचा पडदा घ्यावयाचें ठरलें. प्रश्न एवढाच होता कीं, १९२० ठिपक्यांचा स्वस्त घ्यावा, कीं 'फोर-के' घ्यावा.

पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर. त्यानें पाटी न घेतां हिशेब केला. "काका, स्वस्त पडद्याची दाटी ८२. ३४३८ ला ८२ नें भागलें तर ४२ इंच. आत्याआजी बसतात २४ इंचांवर. म्हणजे त्यांना ठिपका पावणेदोन कलांचा दिसणार. त्यांच्या डोळ्यांची मर्यादा दोन कलांची. तेव्हां ठिपके त्यांना दिसणारच नाहींत. दाट पडदा घेतला काय नि विरळ घेतला काय, त्यांना कुठें कळणार आहे?"

हिशेब निर्दोष होता. परंतु वृद्ध माणसांविषयींचें तें शेवटचें वाक्य मला नेहमींच बोंचतें. कानाकोपऱ्यांतली खाट, चेमटलेलें भांडें, पहिल्या चहाच्या पुडीवर दुसऱ्यांदा केलेला चहा हीं सारीं घरोघर याच वाक्याच्या आधारानें दिलीं जातात, आणि देणाराहि प्रेमळच असतो. येथें त्या वाक्यास आर्यभटाच्या त्रिज्येचें पाठबळ मिळालें होतें, इतकेंच. मीं म्हटलें, "कळतें कीं नाहीं तें त्यांनाच विचारूं." माझ्या टेबलावरचा पडदा विरळ होता आणि पुतण्याच्या कामाचा दाट. दोन्ही शेजारीं मांडले. एकच पान दोहोंवर घेतलें आणि फूटपट्टी लावून अक्षर दोन्हीकडे सारखें, सुमारें चार मिलिमीटर उंचीचें, करून ठेविलें. कोणता पडदा कोणता, हें आत्याबाईंस सांगितलें नाहीं.

त्यांनीं चित्राचा उजळपणा पाहिला नाहीं, रंग पाहिला नाहीं. खुर्ची पुढें ओढून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "अनुस्वार कुठें कुठें आहेत तें मला पाहूं दे."

१९६२ च्या नव्या नियमांनीं उच्चारांत नसलेले अनुस्वार मराठी लेखनांतून गेले. आमच्यासारखे कांहीं जुन्या वळणाचे लोक ते अद्यापि देतात, आणि तरुण मंडळी त्यास हंसतात. परंतु प्राकृत ओवींत तो बिंदु शोभेचा नसतो. कित्येक ठिकाणीं कर्ता कोणता आणि करण कोणतें, एक कीं अनेक, हें तोच सांगतो. तो गळला तर अन्वय उलटूं शकतो. विरळ पडद्यावर आत्याबाई अडखळूं लागल्या. ओवी पाठ असल्यामुळें त्या पुढें जात होत्या, मात्र दोन-तीन ठिकाणीं थांबून म्हणाल्या, "येथें आहे असें मी जाणतें, पण दिसत नाहीं." दाट पडद्यावर त्यांनीं तेच अनुस्वार बोटानें दाखविले. समासांतली टीप विरळ पडद्यावर नुसती करडी रेघ होती. दाट पडद्यावर त्यांनीं ती सावकाश, शब्दाशब्दानें वाचली.

पुतण्याचा हिशेब बरोबर असतांना असें कां झालें? त्या सायंकाळीं आम्ही दोघांनीं त्याचा विचार केला. छापील अक्षर चार मिलिमीटरांचें असतां त्यावरील अनुस्वार सुमारें अर्ध्या मिलिमीटराचा असतो. २४ इंचांवरून तो पावणेतीन कलांचा दिसतो, म्हणजे आत्याबाईंच्या डोळ्याच्या आटोक्यांत आहे. परंतु दर इंचास ८२ ठिपके असतां एकेक ठिपका ०.३१ मिलिमीटराचा होतो. अर्ध्या मिलिमीटराचा अनुस्वार त्यांत नीट मावत नाहीं. तो एका ठिपक्यांत अर्धवट आणि शेजारच्यांत अर्धवट पडतो, आणि काळ्या बिंदूचा करडा डाग होतो. वृद्ध डोळ्यास बारीकपणाइतकाच फिकटपणाहि नडतो. काळें आणि पांढरें यांतला भेद ठळक असल्यावांचून त्यास वस्तु उमगत नाहीं. दाट पडद्यावर ठिपका त्याच्या निम्म्यानें, ०.१६ मिलिमीटराचा, तेथें अनुस्वारास आडवे-उभे तीन-तीन ठिपके मिळतात आणि त्याच्या मध्यभागीं काळेपणा टिकतो. ३४३८ चा नियम 'सुटा ठिपका दिसेल काय?' या प्रश्नाचें उत्तर देतो. वाचणाराचा प्रश्न निराळा असतो: 'माझें चिन्ह शाबूत राहील काय?' जें पडद्यावर रेखाटलेंच गेलें नाहीं, तें तरुण डोळ्यासहि दिसावयाचें नाहीं.

देवनागरीस हा प्रश्न विशेष जाचतो. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर दर इंचास ७२ ठिपके होते, म्हणजे मुद्रकांच्या एका पॉइंटास एक ठिपका. विंडोजनें पुढें इंचास ९६ हें प्रमाण धरलें. त्या प्रमाणानें बारा पॉइंटांच्या अक्षरास उंचीचे सोळा ठिपके मिळतात. रोमन लिपीचें त्यांत बऱ्यापैकीं भागतें. आपणांस मात्र त्याच सोळांत शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, आणि खालीं उकार, इतका परिवार बसवावा लागतो. मग 'ष'च्या पोटांतली रेघ बुजून त्याचा 'प' होतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकमेकांचे वेष घेतात. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं विंडोजसाठीं 'मंगल' हें देवनागरी अक्षरवळण सिद्ध केलें, तें अशा विरळ पडद्यांच्या काळांत. तेथें ज्या ज्या ठिकाणीं अक्षर सुटें आणि मोकळें ठेवलेलें दिसतें, त्याचें मोल ज्यानें विरळ पडद्यावर जोडाक्षरें वाचलीं आहेत त्यास कळतें.

दाट पडद्याची एक उलट बाजूहि आहे. ठिपक्यांच्या हिशेबानें काढलेलें अक्षर दाट पडद्यावर आकसतें. इंचास ९६ या प्रमाणांत जें अक्षर सव्वाचार मिलिमीटरांचें, तें सोळाच ठिपक्यांत १६३ च्या पडद्यावर अडीच मिलिमीटरांचें होतें. 'महागडा पडदा आणला आणि वाचतां येईनासें झालें' ही तक्रार येथूनच उत्पन्न होते. त्यावर उपाय संगणकांतच असतो. अक्षरांचें प्रमाण दीडपट किंवा दुप्पट करून घ्यावें, म्हणजे जादा ठिपके अक्षर लहान करण्याऐवजीं तें रेखीव करण्यांत खर्च होतात. आम्ही पान आणखी मोठें करूनहि पाहिलें. अक्षर आठ मिलिमीटरांचें झाल्यावर छापील मजकूर आत्याबाईंनीं दोन्ही पडद्यांवर सारख्याच सुखानें वाचला. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. मोठें अक्षर हा दाटीला चांगला आणि स्वस्त पर्याय आहे. अडचण एवढीच झाली कीं, तेवढ्या अक्षरांत पान बाजूस सरकवीत राहावें लागे आणि समासांतली टीप ओवीजवळ दिसत नसे. ओवी आणि टीप एकत्र पाहणें हेंच तर त्यांस हवें होतें.

या प्रकरणांत सर्वांत अधिक उपयोग कशाचा झाला म्हणाल तर तो चष्म्याचा. मोतीबिंदूनंतर डोळ्यांत बसविलेलें साधें भिंग आपलें अंतर बदलूं शकत नाहीं. त्यांचा वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, म्हणजे सव्वा फुटाच्या आंतबाहेरचा. पडदा होता दोन फुटांवर. नेत्रवैद्यांनीं नेमक्या दोन फुटांसाठीं निराळा चष्मा करून दिला, आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडूं नये म्हणून टेबल फिरविण्यास सांगितलें. या दोन गोष्टींनीं जें साधलें तें कोणत्याहि पडद्यानें एकट्यानें साधलें नसतें. त्यानंतरहि दोन्ही पडदे पुन्हां शेजारीं मांडले. विरळ पडद्यावरचा करडा डाग आतां अधिक स्पष्टपणें करडा दिसूं लागला. अनुस्वार तो झालाच नाहीं. दाट पडदा घेण्याचें पुतण्यानें स्वतःच ठरविलें आणि निम्मे पैसे हट्टानें आपण दिले.

पडद्यांची तुलना करावयाची ती या क्रमानें करावी, असें आतां मला वाटतें. प्रथम ठिपक्यांची एकूण गणती. ती विक्रेता न विचारतां सांगतो. नंतर त्या गणतीस पडद्याच्या मापानें भागून येणारी दाटी. त्यानंतर आपल्या घरीं डोळा आणि पडदा यांत पडणारें अंतर, जें कोणत्याहि खोक्यावर छापलेलें नसतें. त्यानंतर ज्याच्यासाठीं वस्तु घ्यावयाची त्याचा डोळा आणि त्या डोळ्याचा चष्मा. आणि सर्वांच्या शेवटीं, परंतु सर्वांहून महत्त्वाचें, त्या माणसास जें वाचावयाचें आहे त्यांतलें सर्वांत लहान चिन्ह. क्रिकेटचा सामना पाहणारास तें चिन्ह नऊ फुटांवरचा चेंडू असेल. त्यास महाग दाटीची आवश्यकता नाहीं. हिशेबनिसास तें दशांशचिन्ह असेल, संस्कृत वाचणारास विसर्ग किंवा अवग्रह, गाणें शिकणारास स्वराखालची टिंबें. तें चिन्ह दिसत असेल तर पडदा पुरेसा आहे, मग त्यावरची संख्या लहान कां असेना. तें दिसत नसेल तर लक्षावधि ठिपके मोजून काय करावयाचें?

म्हणून दुकानांत जातांना पिशवींत एक फूटपट्टी असावी आणि आपल्या नित्याच्या वाचनांतलें एक पान असावें. पान दोन्ही पडद्यांवर एकाच मापाचें करून घ्यावें, खुर्ची मागून घ्यावी, आणि घरीं जितक्या अंतरावर बसतों तितक्याच अंतरावर बसून तें सावकाश वाचावें. विक्रेत्यास मौज वाटेल आणि मागच्या गिऱ्हाइकांचा खोळंबा होईल. होऊं द्यावा. पडदा पुढें पुष्कळ वर्षें आपल्याच घरांत राहावयाचा असतो.